पडलं की मूल आधी वर बघतं

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं पाळणाघर आहे. यंदा 31 वर्षं झाली. मागच्या दारी दोन पायऱ्यांचा ओटा आहे आणि माझ्याकडं आलेलं जवळजवळ प्रत्येक पोर त्या ओट्यावरून एकदा तरी खाली आलेलं आहे. सुरुवातीला माझ्या तोंडचं पाणी पळायचं. पायऱ्यांवर चटया टाकायचे, गोधड्या टाकायचे. मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. दीड-दोन वर्षांचं मूल पडलं की लगेच रडत नाही. आधी वर बघतं. जवळ जे मोठं माणूस असेल त्याच्या तोंडाकडं बघतं आणि मग रडायचं की उठायचं ते ठरवतं. अर्धा श्वास घ्यायला लागेल एवढाच तो वेळ. माझ्याकडची पहिली पोरं आता तिशी ओलांडून गेली आहेत, त्यांतल्या काहींची मुलं माझ्याकडं येतात, आणि ती मोठी झालेली पोरं बघताना मला त्या अर्ध्या श्वासाची आठवण होते.

1985 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हीच गोष्ट नीट मांडून तपासली होती. मुलं वर्षा-वर्षाची. एका मोठ्या टेबलावर जाड काच. अर्ध्या काचेखाली चौकटीचं कापड लगेच चिकटून, पुढं तेच कापड खाली गेलेलं, म्हणजे रांगत आलेल्या मुलाला वाटावं की इथून पुढं खोलगट आहे. पलीकडच्या टोकाला आई. खोली मुद्दामच फार ठेवली नव्हती; जावं की जाऊ नये अशा पेचात मूल पडावं एवढीच. ज्या 19 मुलांच्या आयांनी चेहरा हसरा ठेवला, त्यांतली 14 काच ओलांडून आईकडं गेली. ज्या 17 मुलांच्या आयांनी घाबरल्याचा चेहरा केला, त्यांतलं एकही गेलं नाही. काच दोन्ही वेळेला तीच होती.

आई मुलाला पुष्कळ काही देते. श्लोक, पाढे, हात धुवायची सवय, मोठ्यांना नमस्कार, अभ्यासाची शिस्त. हे सगळं हवंच. पण पोर पस्तिशीला पोचल्यावर त्याच्या अंगात मुरलेलं काय सापडतं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, आईचा धीर सापडतो किंवा आईची धास्ती सापडते. आणि ही धास्ती तिची एकटीची नसते. घर, भावकी, शाळा, कायदा, सगळे मिळून ती तिच्या मनात घालतात. पुढं तिच्या पोरात ती दिसली की 'खाण तशी माती' म्हणून मोकळेही होतात.

माझ्याकडं एक मुलगी यायची, आई बँकेत. मुलीच्या गुडघ्याला खरचटलेलं दिसलं की आईचा चेहरा पांढराफटक पडायचा आणि तोंडातून एकच वाक्य यायचं, ''अगं बया! आता घरात काय सांगू मी?'' मी हे वाक्य चार वर्षं ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. तिनं पोरीला 'दुखलं का गं' असं आधी विचारलं नाही, 'घरात काय सांगू' म्हणाली, हे मला फार उशिरा उमगलं. संध्याकाळी घरी ट्यूबलाइटखाली पोरीचे हातपाय तपासले जायचे आणि नोकरी करणाऱ्या सुनेचा हिशोब त्या खरचटण्यावरून व्हायचा. त्याच ओट्यावरून पडणाऱ्या दुसऱ्या एका पोराची आई महाद्वार रोडला साडीच्या दुकानात काउंटरवर होती. ती म्हणायची, ''काय न्हाई झालं, उठ, माती झटक. येतो मी काकू, उशीर झालाय.'' (आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात, बाहेरगावच्या वाचकांनी गोंधळू नये.) ही दुसरी बाई फार शिकलेली नव्हती आणि तिनं पालकत्वावरचं काही वाचलेलंही नव्हतं. तिच्या घरी तिची सासू स्वतः दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करायला जायची. खरचटलेल्या गुडघ्याचा हिशोब मागायला त्या घरात कुणाला सवड नव्हती आणि तशी इच्छाही नव्हती.

बँकेतल्या बाईंची मुलगी आज चांगली इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी रंकाळ्यावर दोघी भेटल्या. पोरीला बढती देत होते, ती नको म्हणाली. आईनं विचारलं का, तर म्हणाली, ''चुकलं तर?'' हे सांगताना त्या बाईंना वाईट वाटत होतं, पण 'चुकलं तर' हे दोन शब्द कुठून आले ते त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. मीही बोलले नाही. काय बोलणार?

एका मुलीवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळतं. म्हणून माझ्या घरचंच सांगते. माझी लेक पुण्याला असते. तीन वर्षांपूर्वी तिची नोकरी गेली आणि मला ते चार महिन्यांनी कळलं, तेही भाच्याकडून. मी फोन लावला, रागावले, आईला सांगत नाहीस म्हणाले. ती म्हणाली, ''आई, तुझा चेहरा बघवला नसता.'' बोलत होतो आम्ही फोनवर. चेहरा कुठं दिसणार होता? पण तिला तो दिसत होता. दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिलेला होता. त्या दिवशी घरात माणसं जमली होती आणि मार्क अपेक्षेपेक्षा कमी पडले म्हटल्यावर एका वडीलधाऱ्या बाईनं सगळ्यांसमोर म्हटलं, ''आई दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळतीय, हिचं आणि काय होणार?'' मी पोरीला एक शब्दही बोलले नाही. स्वयंपाकघरात गेले आणि गॅसकडं तोंड करून उभी राहिले. मला वाटत होतं मी तिला जपलं. तिनं त्या वेळी माझी पाठ पाहिली आणि मी वळल्यावर माझा चेहरा पाहिला. सोळा वर्षांच्या पोरीनं त्यातून एवढंच घेतलं की आपलं अपयश आईला सोसत नाही. मग ती पुढची सगळी अपयशं माझ्यापासून लपवत राहिली. हे मी केलं. 'मला तसं बोललं गेलं होतं' ही माझी सबब होऊ शकते, पण लेकीच्या वाट्याला आलं ते आलंच.

म्हणून आईच्या वागण्याचा मुलांच्या पुढच्या आयुष्यावर काही परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. होतो, आणि फार खोल होतो. 'आई म्हणजे देवी' असं म्हणून हा विषय गुंडाळून टाकणंही मला पटत नाही, कारण मग चुकलेल्या आईला कुठं बोलायची सोय राहत नाही आणि दुखावलेल्या मुलालाही राहत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. परिणाम होतो हे आपल्याला मान्य आहे, मग त्या बाईच्या पाठीशी आपण काय उभं केलं?

दोन वर्षांपूर्वी गावात एका सभागृहात 'सुजाण पालकत्व' या विषयावर व्याख्यान होतं. मी गेले होते. हॉल भरलेला, बायकाच बायका. मी पुरुष मोजले, सात. त्यांतला एक माइकवाला. वक्त्यांनी तासभर आयांना सांगितलं की मोबाइल देऊ नका, ओरडू नका, तुलना करू नका, ताजं खायला घाला, रात्री गोष्ट सांगा, मूल बिघडलं तर आरशात बघा. एकही सूचना चुकीची नव्हती. माझ्या शेजारी बसलेली तरुण बाई वहीत सगळं उतरवून घेत होती आणि तिचा चेहरा अगदी त्या काचेच्या पलीकडच्या घाबरलेल्या आईसारखा होत चालला होता. घरी गेल्यावर ती त्याच चेहऱ्यानं पोराकडं बघणार होती.

आयांवर खापर फोडण्याचं काम शिकल्या-सवरलेल्यांनीही केलेलं आहे. अमेरिकेत 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंधरा-वीस वर्षं अशी समजूत प्रतिष्ठित झाली होती की मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं ते आईच्या थंडपणामुळं. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्दच पडला होता, फ्रिजसारखी गार आई. मुलाला काय झालंय याचं दुःख होतंच, त्यावर 'तूच केलंस' हा आरोप. 1964 साली बर्नार्ड रिम्लंड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, याची मुळं शरीरात आहेत, आईच्या वागण्यात नाहीत, अशी सविस्तर मांडणी केली आणि मग हळूहळू ती समजूत ढासळली. इथं मात्र ती अजून गल्लीबोळांत जिवंत आहे. माझ्याकडं तीन वर्षांचा एक मुलगा होता, बोलत नव्हता, नजरेला नजर देत नव्हता, पंख्याकडं बघत तासन्‌तास बसायचा. मी आईला डॉक्टरांकडं जायला सांगितलं. ती दीड वर्ष गेली नाही. नंतर रडत म्हणाली, ''काकू, डॉक्टरनं नाव काढलं असतं तर घरातल्यांनी माझंच नाव घेतलं असतं.'' भीतीपोटी दीड वर्ष गेलं, आणि त्या वयातलं दीड वर्ष परत मिळत नाही.

आता कायद्याकडं बघू. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम आला. मला मनापासून आनंद झाला. पण 1956 चा हिंदू अज्ञान आणि पालकत्वाचा कायदा अजून असंच म्हणतो की अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्या नंतर आई. 1999 साली सर्वोच्च न्यायालयानं या 'नंतर'चा अर्थ सैल केला, बाप जिवंत असूनही लक्ष घालत नसेल तर आई पालक होऊ शकते असं सांगितलं, तरी कायद्यातला शब्द तसाच आहे. गंमत म्हणजे त्याच कलमात लिहिलंय की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडं असावा. म्हणजे जागरणाच्या, दुपट्यांच्या, तापाच्या वर्षांत मूल तिचं, आणि पालक म्हणून पहिलं नाव दुसऱ्याचं.

वेळेचंही तसंच आहे. 2019 साली केंद्र सरकारनं देशभर एक पाहणी केली, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता. पुरुषांतले जे घरकाम करत होते त्यांचा 97 मिनिटं, आणि असे पुरुष शंभरांत सव्वीसच. पाच तास ओट्यापाशी उभं राहून, वर नोकरी करून बाईनं रात्री साडेनऊला प्रसन्न चेहऱ्यानं गोष्ट सांगायची आहे.

मुलगा आणि मुलगी यांच्या बाबतीत तर ही धास्ती दोन वेगळ्या वाटांनी जाते. मुलीला आई सांगते, ''भाकरी नीट थापायला शीक, नाहीतर सासरी माझा उद्धार करतील.'' हे वाक्य आपण इतकं ऐकलेलं आहे की त्यातला 'माझा' ऐकूच येत नाही. पोरगी भाकरी शिकते, आणि त्याबरोबर हेही शिकते की आपलं वागणं म्हणजे आईवर येणारा बोल. पुढं चाळिशीतही ती नवऱ्याचं चुकतंय हे माहेरी सांगत नाही. मुलाच्या बाबतीत उलटं. तो म्हातारपणाची काठी. ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, खात्यात चार पैसे नाहीत, तिचं उद्याचं सगळं त्या पोरावर. त्याला 'नाही' कसं म्हणणार? काठीला कुणी ओरडतं का? मग तो ताट उचलत नाही, मोठा आवाज चालवून घेतला जातो, आणि पंचवीस वर्षांनी दुसऱ्याची लेक ते सगळं सोसते. याच कोल्हापूर जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं 839 मुली होत्या. त्या वेळी माझ्या पाळणाघरातही मुलींच्या चपला कमी असायच्या. मी ते बघत होते आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. जी बाई मुलगा होईपर्यंत जीव मुठीत धरून जगली, तिनं त्या मुलाला निर्धास्तपणे वाढवावं अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

कुणी म्हणेल, सगळं आईवरच कुठं अवलंबून असतं. खरं आहे. आमच्या गावात तर ते सांगायलाच नको. गंगावेस किंवा मोतीबागेसारख्या तालमीत दहा-बारा वर्षांचं पोर गावाकडून येतं, मातीत लोळतं, वस्तादाच्या नजरेखाली मोठं होतं. आई तूप आणि बदाम पाठवते, वळण वस्ताद लावतो. सवंगड्यांचा, गल्लीचा, शाळेचा वाटा असतोच. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा अभ्यास पुढं चाळीस वर्षांपर्यंत केला गेला. त्यांतली जी मुलं गरिबी, भांडणं, व्यसनं अशा घरांत वाढली होती, त्यांच्यातली जवळपास तिसरा हिस्सा मुलं धड, कर्ती माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा निदान एक तरी माणूस भक्कम उभं होतं. ते आईच होतं असं नाही. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाचे मास्तर.

यासाठी हवाईपर्यंतही जायला नको. शाहू महाराजांच्या आई राधाबाई 1877 साली वारल्या, तेव्हा महाराज तीन वर्षांचेही पूर्ण नव्हते. कागलच्या त्या पोराला पुढं 1884 साली आनंदीबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतलं. मोठेपणी त्याच माणसानं 1901 पासून वसतिगृहं काढली, जिथं परक्या घरची पोरं राहून शिकली, आणि 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड होता. पण नुसता दंड नव्हता. शाळा काढल्या, मास्तर नेमले, त्यासाठी पैसा उभा केला. पालकांकडून काही अपेक्षा करायची तर आधी काय बांधून द्यावं लागतं, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं.

आज काय बांधून दिलंय? 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये 50 माणसं कुठून आणायची? तिथं आठ-दहा माणसं असतात. चपलांची वेणी घालणारी बाई घरीच काम करते, तिला रजा कोण देणार? अंगणवाडी दुपारी सुटते आणि शिरोलीच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी आई साडेसहाला घरी येते. मधले तास मोठ्या बहिणीच्या कडेवर जातात. आणि हिवाळ्यात शिरोळकडं जाताना उसाच्या फडात जे दिसतं ते मला अजून सोसत नाही. बीडकडून आलेलं जोडपं, मुकादमाची उचल डोक्यावर, पहाटे तीन-चारला उठून कोयता. बाळ बैलगाडीच्या सावलीत झोळीत टांगलेलं. ते रडलं तर आई हातातली मोळी सोडू शकत नाही, कारण खाडा झाला तर पैसे कापतात. या बाईला आपण 'सुजाण पालकत्व' शिकवणार आहोत का?

मला हवं ते फार मोठं नाही. एका कारखान्यात माणसं कमी असतील तर पूर्ण औद्योगिक वसाहतीला मिळून एक पाळणाघर असावं. अंगणवाडी कामगार आईच्या वेळेनं चालावी. बापाला रजा असावी. केंद्र सरकारच्या नोकरदार बापाला 15 दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बापासाठी कायदाच नाही. पालकत्वाच्या कायद्यातून तो 'नंतर' काढून टाकावा. शाळेनं पालकसभा बापाला बोलावून घ्यावी, आणि तो आला नाही तर त्याला विचारावं. आईला विचारून झालंय.

माझ्या हातात होतं तेवढं मी गेल्या जूनपासून सुरू केलं. पाळणाघरात प्रत्येक मुलाची एक वही असते. डबा किती खाल्ला, झोप किती झाली, शी झाली का, कशावरून रडला. इतकी वर्षं ती वही संध्याकाळी आई वाचायची आणि सही करायची. आता सही बापाची लागते. पहिले दोन महिने कटकट झाली. ''काकू, तिलाच द्या की, मला काय कळतंय त्यातलं?'' मी दिली नाही. काही जण न वाचता सही करायचे, काही अजून करतात. ऑगस्टात एक जण गाडी रस्त्यावर चालूच ठेवून आत आला, उभ्या उभ्या वही उघडली, आणि थांबला. मला विचारलं, ''झोपताना गोधडीचं टोक चोखतीय ही? कधीपासून?'' म्हटलं, ''आली तेव्हापासून.'' तो बाहेर जाऊन गाडी बंद करून आला, मागच्या ओट्यावर बसला आणि पहिल्या पानापासून वही वाचायला लागला. पोरगी त्याच्या शेजारी उभी राहून त्याच्या तोंडाकडं बघत होती.